तरुण माणूस गेला की 'लसीनंच गेला': गावात याला उत्तर काय द्यायचं?

कपाशीचं_बोंड (दारव्हा, यवतमाळ) | ८ जुलै २०२५, रात्री ९.४०

कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात महिनाभरात वीसच्या वर माणसं हृदयविकारानं गेली. तिथल्या मुख्यमंत्र्यांनी कोरोनाच्या लसीला घाईत दिलेली मंजुरी हेही एक कारण असू शकतं असं म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी, २ जुलैला, केंद्रानं ते खोडून काढलं. टीव्हीवरून बातमी गेली, आमच्या पारावरून जाईना. कारण त्याच सुमारास आमच्याकडे एक जण गेला. चाळिशीही नव्हती. पाठीवर फवारणीचा पंप घेऊन वावरात गेला, धुऱ्यावर बसला, छातीत कसंतरी होते म्हणाला. लिंबूपाणी पाजलं, गाडी मिळेपर्यंत खेळ आटोपला. शवविच्छेदन नाही, काही नाही. दुपारून माती झाली.

तिरडी बांधतानाच एकानं सुरुवात केली, 'दोन्ही डोस घेतले होते ना यानं.' तेरवीच्या पंगतीत तर ते सिद्धच झालं. आता परवा अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस होता, तीन बाया लेकरं घेऊन आल्याच नाहीत. नऊ महिन्यांचं एमआर, म्हणजे गोवर-रुबेलाचं होतं, कोरोनाशी काडीचा संबंध नाही. पण 'तेच लसवाले आले' म्हणून दार लावून बसल्या.

इथं डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, लसीच्या विरोधातलेही आहेत. मले भांडण नको. खरं काय ते सांगा. लसीनं कोणाला काही झालं की नाही झालं? झालं तं किती जणांना? अन् गावात बोलायचं कसं?

तुराटी (मेहकर, बुलढाणा) | ८ जुलै, रात्री १०.१५

आला का पुन्हा हा विषय. बोंडभाऊ, मी घेतली लस, दोन्ही डोस, मले काही झालं नाई. तरी मी म्हणतो लोकाईचं चुकत नाई. अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीनं सोता लंडनच्या कोर्टात लिहून दिलं की आमच्या लसीनं क्वचित रक्ताच्या गाठी होऊ शकतात. एप्रिल २०२४ मध्ये पेपरात आलं. पंधरा दिवसांत तिची लस युरोपातून बंद. हे खोटं हाय का? नाई ना? मंग गावातल्या माणसाले अडाणी काहून म्हणता?

कोथरूडकर | ८ जुलै, रात्री १०.३२

व्हॉट्सअ‍ॅप विद्यापीठाचे पदवीधर जागे झाले. विज्ञानावर विश्वास नसेल तर मोबाइलही वापरू नका.

कपाशीचं_बोंड | ८ जुलै, रात्री १०.३८

कोथरूडकर साहेब, असंच बोलून बोलून चार वर्षं झाली. त्यानं एक बाई अंगणवाडीत आली असती तं मीही बोललो असतो.

दवाखाना_वर्धा | ९ जुलै, सकाळी ७.०५

सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आत लिहितो.

तुराटी जे म्हणतात ते खरं आहे, फक्त अर्धं आहे. कोविशील्ड म्हणजे ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस, आपल्याकडे पुण्याच्या सीरमनं बनवलेली. तिच्यामुळे फार थोड्या लोकांत टीटीएस नावाचा प्रकार होतो. रक्तात गाठी होतात आणि त्याच वेळी प्लेटलेट कमी होतात. ही गोष्ट काही २०२४ मध्ये कोर्टात उघड झालेली नाही. मार्च २०२१ मध्ये युरोपात लक्षात आली, ७ एप्रिल २०२१ ला युरोपच्या औषध नियामकानं जाहीर सांगितली. आपल्या केंद्र सरकारच्या समितीनं १७ मे २०२१ ला आकडे दिले: तपासलेल्या ४९८ गंभीर घटनांपैकी २६ मध्ये गाठींची शक्यता, म्हणजे दहा लाख डोसमागे ०.६१. त्याच निवेदनात ब्रिटनचा आकडा दहा लाखांमागे ४ आणि जर्मनीचा १० असा दिला होता.

आता मुद्द्याचं. टीटीएस होतो तो बहुतांशी डोसनंतर चौथ्या दिवसापासून सहाएक आठवड्यांत. न थांबणारी डोकेदुखी, धूसर दिसणं, पोटात कळा, पायाला सूज, दम लागणं. २०२१ मध्ये डोस घेतलेला माणूस २०२५ च्या जुलैत धुऱ्यावर बसून जातो, त्याला टीटीएस म्हणता येत नाही. तारीखच जुळत नाही.

आणखी एक. अमेरिकेतले जे व्हिडिओ फिरतात त्यात तरुण पोरांच्या हृदयाच्या स्नायूला सूज येते असं असतं. ते एमआरएनए लसींबद्दल आहे, फायझर आणि मॉडर्ना. त्या आपल्या मोहिमेत नव्हत्याच. खेड्यात मोठ्या माणसांना मिळाली ती कोविशील्ड नाहीतर कोव्हॅक्सिन. तिकडचं दुखणं इकडच्या लसीवर लावू नका.

तुराटी | ९ जुलै, सकाळी ८.२०

डॉक्टरसाहेब, मानलं. पण मंग मले हे सांगा. २०२१ मध्येच माहीत होतं, तं आमच्या केंद्रावर कोणी सांगतलं? ब्रिटननं तीस वर्षांखालच्या पोराईले दुसरी लस द्या म्हटलं, नंतर ते चाळीसवर नेलं. जर्मनीनं साठीच्या खालच्याईले थांबवली. डेन्मार्कनं तं पार बंदच केली. आमच्याकडं १८ च्या वर सरसकट सगळ्याईले तीच. टोचल्यावर बाई फक्त म्हणे, ताप येईन, पॅरासिटामॉल घ्या, अर्धा घंटा बसा.

सिस्टरबाई (निवृत्त, अकोला जिल्हा) | ९ जुलै, दुपारी १२.५०

तुराटीभाऊ, मी ती 'बाई' होते. तुमच्या केंद्रावरची नाही, पण तसलीच. उपकेंद्रावर सव्वीस वर्षं एएनएम, म्हणजे लस टोचणारी नर्स होते, म्हणून थोडं लांबण लावते.

काय काय सांगणार होतो आम्ही? कोविशील्डच्या एका व्हायलमध्ये दहा डोस. बूच टोचलं की व्हायलवर पेनानं वेळ लिहायची आणि तिथून चार तास. त्यात दहा हात मिळाले तर ठीक, नाहीतर उरलेले वाया आणि वर लेखी कारण. म्हणून दहा जण जमल्याशिवाय व्हायल फोडायची नाही. एप्रिलचं ऊन, सात बाया ओट्यावर बसलेल्या, तीन कमी. आशा घरोघरी फिरते आहे, कोतवाल दवंडी देतो आहे. बसलेल्यांपैकी एक उठते, म्हणते सासरा ओरडन, मी जातो. आता सहा. मोबाइलला रेंज नाही, ओटीपी येत नाही, म्हणून डाटावाला पोरगा टाकीवर चढून नावं भरतो आहे. अशा वेळी दहा लाखात अर्धा जण की चार जण, हे आम्हालाच कोणी नीट समजावलं नव्हतं. आम्हाला चार गोष्टी दिल्या होत्या सांगायला, त्या सांगितल्या. अ‍ॅड्रेनालिनची किट टेबलावर उघडी ठेवायची, एवढं मात्र मी कधी चुकवलं नाही. कारण टोचल्याबरोबर जो जीव जाऊ शकतो तो त्या अर्ध्या तासात. ते अर्धा तास बसवणं उगाच नव्हतं. देशात लसीमुळे झालेला म्हणून सरकारी समितीनं पहिल्यांदा मान्य केलेला मृत्यू तसाच होता, अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ, ८ मार्च २०२१ ला डोस, लगेच तीव्र अ‍ॅलर्जी. समितीनं जूनमध्ये ३१ गंभीर केसेसचा निकाल दिला. त्यात तीन लसीमुळे, एक घाबरल्यामुळे, अठरा योगायोगाच्या, सात अनिर्णित, दोन वर्गीकरणच न करता आलेल्या. कागद आहे, लपलेला नाही. फक्त तो आमच्या उपकेंद्राच्या भिंतीवर कोणी लावला नाही.

झाडीचा_गडी (गोंदिया) | ९ जुलै, दुपारी १.१०

सिस्टरबाई, टाकीवरचा पोट्टा मीच होतो जी. तुमच्या गावचा नाही, पण हरेक गावात एक होता.

चिखलदऱ्याचा_मास्तर | ९ जुलै, दुपारी ४.३०

मेळघाटची गोष्ट वेगळी आहे, थोडक्यात सांगतो. इथं कोरकू माणूस लसीला घाबरला म्हणून बातम्या झाल्या. घाबरला होताच. पण कशाला? दवाखान्याला. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती जिल्ह्यात रुग्ण वाढले, २२ तारखेपासून शहर बंद. खाली गेलेला माणूस परत येत नाही, आला तर प्लास्टिकात गुंडाळून येतो, एवढंच वर पाड्यांवर पोचलं. त्यात लसीची गाडी आणि अँब्युलन्स दिसायला सारखीच. गाडी दिसली की माणसं रानात. जिथं कोरकू बोलणारी पोरगी सोबत आली, जिथं भूमकाशी, म्हणजे पाड्यावरच्या वैदूशी, आधी बोलणं झालं, तिथं जमलं. जिथं मराठीत भोंगा वाजवला तिथं रिकामे ओटे.

आणि एक आठवण करून देतो, कोणी काढत नाही म्हणून. ३१ जानेवारी २०२१, पोलिओचा रविवार, यवतमाळच्या घाटंजी तालुक्यात बारा लेकरांना पोलिओऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. लेकरं वाचली. पण कोरोनाची मोहीम सुरू होऊन पंधरवडाच झाला होता. आसपासच्या गावात ती बातमी किती वेगानं गेली असेल?

कपाशीचं_बोंड | ९ जुलै, सायंकाळी ६.०२

मास्तर, ती बातमी आमच्याच जिल्ह्याची. आमच्या गावात आजही 'सॅनिटायझर पाजणारे' म्हणतात.

पैनगंगा (उमरखेड) | ९ जुलै, रात्री ८.४५

वाचत होते, लिहू नको म्हणत होते.

माझे वडील पहिल्या डोसनंतर तिसऱ्या दिवशी गेले. वय बासष्ट. बीपी होतं, गोळ्या अधूनमधून. पहिल्या रात्री ताप, दुसऱ्या दिवशी उतरला, तिसऱ्या दिवशी पहाटे उठले नाहीत. लसीनं गेले की कशानं, मला माहीत नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. माझं म्हणणं एवढंच की कोणी आलं नाही. ना केंद्रावरचं, ना तालुक्याचं. मी स्वतः विचारायला गेले तर एक साहेब म्हणाले, 'ताई, वय झालं होतं, आता उगाच अफवा पसरवू नका.' मी माझ्या बापाचं विचारत होते आणि मी अफवा झाले.

आजही गावात कोणी लसीवर बोललं की माझं नाव घेतात. 'अमकीच्या बापाचं पाहिलं ना.' मी काय उत्तर देऊ? माझ्याजवळ कागदच नाही.

सिस्टरबाई | ९ जुलै, रात्री ९.१०

पैनगंगाताई, डोसनंतर काही दिवसांत माणूस गेला, कारण काहीही असो, तर त्याची एईएफआय, म्हणजे लसीनंतरची प्रतिकूल घटना म्हणून नोंद व्हायलाच हवी होती. आधी केस रिपोर्टिंग फॉर्म, मग जिल्ह्याची समिती घरी येऊन चौकशी करते, मग राज्याकडे. हे तुम्हाला मागायलाही लागू नये. ते तसं बोलले ते चूकच.

दवाखाना_वर्धा | ९ जुलै, रात्री १०.२५

ताई, तुमच्या वडिलांबद्दल मी इथून काही सांगू शकत नाही, सांगणारा डॉक्टर असला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बीपी असलेला बासष्टचा माणूस पहाटे जाणं लसीशिवायही घडतं आणि लसीनंतर लगेच घडलं तर तपासायलाही हवं. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. कोट्यवधी लोकांना काही महिन्यांत टोचलं की त्यातले काही जण, जे तसेही त्या आठवड्यात जाणार होते, ते डोसनंतरच्या आठवड्यात जाणार. त्यातून लसीचे कोणते आणि नशिबाचे कोणते हे वेगळं काढायला चौकशी लागते. 'अफवा पसरवू नका' म्हणून ते वेगळं निघत नाही.

तुराटी | १० जुलै, सकाळी ६.४०

ताईच्या पोस्टवर माझ्याजवळ शब्द नाई. पण सरकारचं सांगतो. कोरोनानं माणूस गेला तं पन्नास हजार मिळाले, सुप्रीम कोर्टामुळं. लसीनंतर दोन पोरी गेल्या, त्यांच्या मायबापानं कोर्टात धाव घेतली, तं नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रानं शपथपत्रात लिहून दिलं की भरपाईची जबाबदारी सरकारवर टाकता येणार नाही, दिवाणी कोर्टात जा. ब्रिटनमध्ये सिद्ध झालं तं १ लाख २० हजार पौंड देतात. लस इथं मोफत, तिथंही मोफत. मंग झालं-गेलं तिथं सरकारचं अन् इथं ज्याचं त्याचं?

मी लसीच्या विरोधात नाई, मी याच्या विरोधात हाय.

कोथरूडकर | १० जुलै, सकाळी ९.३०

हा मुद्दा मान्य. पण लसीचा उपयोग झाला की नाही हेही कोणीतरी बोला. धागा नुसता दुष्परिणामांचा झालाय.

झाडीचा_गडी | १० जुलै, सकाळी १०.००

उपयोगावर माझा प्रश्न. आमच्या गावात अनेकांना दुसरा डोस न घेताच 'यशस्वी' असा मेसेज आला. माझ्या मोठ्या आईला आला, ती तेव्हा चार महिन्याआधी वारली होती. सर्टिफिकेटवर तारीख, वेळ, टोचणारीचं नाव, सगळं जसंच्या तसं. असल्या आकड्यांवर १०० कोटी, २०० कोटी मोजले तं त्यावरून उपयोग कसा काढायचा?

दवाखाना_वर्धा | १० जुलै, दुपारी २.४५

चांगला प्रश्न. एकूण डोसच्या आकड्यावरून उपयोग काढतच नाहीत. त्यासाठी असा गट लागतो जिथं कोणी घेतली, कोणी नाही आणि कोण गेलं याची पक्की यादी असते. तामिळनाडू पोलिसांचा तसा अभ्यास झाला. १,१७,५२४ पोलीस, फेब्रुवारी ते मे २०२१, म्हणजे ऐन दुसरी लाट. मृत्यू टाळण्यात एक डोस ८२ टक्के आणि दोन डोस ९५ टक्के परिणामकारक निघाले. पोलीस खात्याजवळ प्रत्येकाची नोंद होती, टाकीवर चढायची गरज नव्हती.

लक्षात घ्या, हे मृत्यूबद्दल आहे. 'लस घेऊनही कोरोना झाला' हे गावात सगळ्यात जास्त ऐकू येतं, आणि ते खरंच आहे, विशेषतः ओमायक्रॉनच्या वेळी. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत लक्षणांसह होणाऱ्या कोरोनापासून ७७.८ टक्के संरक्षण दिसलं होतं, तेही ओमायक्रॉनच्या आधी. लागण पूर्ण थांबवेल असं सांगणाऱ्यांनी लसीचं नुकसान केलं. माझ्या वॉर्डात २०२१ च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनवर असलेल्यांत दोन डोस झालेला माणूस शोधावा लागत होता. अर्थात तेव्हा दोन डोस झालेलेच कमी होते, म्हणून मी माझ्या वॉर्डावरून काही सिद्ध करत नाही.

तुराटी | १० जुलै, दुपारी ३.२०

अन् कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर? आधी चार ते सहा आठवडे, मार्चमध्ये सहा ते आठ, मे महिन्यात एकदम बारा ते सोळा. लस संपली म्हणून वाढवलं, हे शेंबडं पोरगंही सांगत होतं.

दवाखाना_वर्धा | १० जुलै, रात्री ९.००

दोन्ही कारणं होती असं माझं मत. ऑक्सफर्डच्या चाचणीत सहा आठवड्यांच्या आत दुसरा डोस घेतलेल्यांत ५५ टक्के आणि बारा आठवड्यांनंतर घेतलेल्यांत ८१ टक्के परिणामकारकता दिसली होती. म्हणजे अंतर वाढवण्याला आधार होता. पण त्याच मे महिन्यात लशीचा तुटवडाही होता, राज्यानं १८ ते ४४ चं लसीकरण थांबवलं होतं. 'विज्ञान म्हणतं म्हणून' एवढंच सांगितलं, तुटवड्याचं नाव काढलं नाही. लोकांनी दोन्ही जोडलं. लोक हुशार असतात.

तुराटी | १० जुलै, रात्री ९.०४

त्याच मे महिन्यात नागपूर-अमरावतीचे गाडीवाले आमच्या खेड्यावरचे स्लॉट बुक करून टोचून गेले, हेही लिहा.

सिस्टरबाई | १० जुलै, रात्री ९.३०

गेले. एसी गाडीतून उतरून विचारायचे, 'कोविशील्डच आहे ना?' आणि बाजूला गावातली माणसं बघत उभी, त्यांच्याजवळ स्मार्टफोन नाही. त्या दिवशी लस घ्यायची इच्छा झालेल्यांची संख्या मात्र वाढली, शहरवाले इतक्या लांबून येतात म्हणजे काहीतरी चांगलंच असेल म्हणून.

विदर्भाचा_वाघ | ११ जुलै, सकाळी ७.१५

सगळे पैसे खाल्लेत. लस घेतलेले दोन वर्षांत मरणार असं नोबेलवाल्या फ्रेंच शास्त्रज्ञानं सांगितलं होतं. माझ्याजवळ फोटो आहे, टाकू?

संपादक मंडळ | ११ जुलै, सकाळी ८.००

टाकू नका. ते वाक्य त्यांच्या तोंडी घातलेलं आहे, मे २०२१ मध्येच खोटं ठरलं. अंगाला चमचे चिकटण्याचे व्हिडिओही उडवले जातील.

कपाशीचं_बोंड | ११ जुलै, सकाळी ८.२०

अन् वाघसाहेब, २०२१ अधिक दोन, २०२३. आता २०२५ हाय. तुम्ही अन् मी दोघंही इथं लिहून रायलो.

लोणारी_खारं (लोणार) | ११ जुलै, दुपारी १२.००

मी औषध दुकानदार. पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य कोणी पकडलं नाही म्हणून लिहितो. तो माणूस *पंप पाठीवर घेऊन* वावरात गेला होता. बोंडभाऊ, काय फवारत होता? तोंडाला फडकं होतं का? घाम फार सुटला होता का, लाळ, डोळ्याच्या बाहुल्या बारीक? तुम्ही यवतमाळचे. २०१७ च्या हंगामात तुमच्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हा गावात पोराटोरालाही ठाऊक होतं की फवारणीनं माणूस जातो. आज पंप पाठीवर असताना माणूस पडला आणि चार वर्षांपूर्वीची सुई आठवली, पाठीवरचा डबा नाही?

मी म्हणत नाही की विषबाधाच. हार्ट अटॅकही असेल. तंबाखूचा खर्रा खायचा का तो?

कपाशीचं_बोंड | ११ जुलै, दुपारी १.४०

दिवसाले पाच-सहा पुड्या. बीपी कधी मोजलं नाही. फडकं नव्हतं. घाम सुटला होता, पण उन्हानं की कशानं कोण सांगन. बाहुल्या कोणी पाहिल्या नाहीत. अन् काय फवारलं ते तं दुकानदारानं दिलेलं मिक्स होतं, दोन डब्यातलं एकत्र.

राजेहो, हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

दवाखाना_वर्धा | ११ जुलै, रात्री ८.३०

लोणारी_खारं यांनी मुद्द्यावर बोट ठेवलं. खेड्यातला बहुतेक मृत्यू घरी नाहीतर वावरात होतो, डॉक्टरच्या हातात नाही. देशात नोंद होणाऱ्या मृत्यूंपैकी डॉक्टरनं कारण प्रमाणित केलेले पाव हिश्श्यापेक्षाही कमी. कारणाचा रकाना कोरा राहतो आणि कोऱ्या रकान्यात ज्याला जे हवं ते तो लिहितो. एका काळी करणी लिहायचे, आता लस लिहितात. त्यात खरा गुन्हेगार सुटतो. विषबाधा असेल तर तेच मिक्स दुसरा कोणी उद्या फवारणार. हृदयविकार असेल तर त्याच्या भावाचंही बीपी मोजायला हवं.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासाचंही सांगतो, कारण गावात तो 'सरकारी आहे' म्हणून उडवतात. १८ ते ४५ वयाची, वरवर धडधाकट असलेली आणि अचानक गेलेली ७२९ माणसं, त्यांच्याशी तुलनेला २,९१६ जिवंत माणसं, १९ राज्यांतली ४७ रुग्णालयं. लसीमुळे धोका वाढलेला दिसला नाही, दोन डोसवाल्यांत कमीच दिसला. वाढलेला दिसला तो कोरोनानं दवाखान्यात भरती झालेल्यांत, घरात आधी कोणी असं अचानक गेलेलं असलं तर, आणि मरण्याच्या दोन दिवस आधी अतोनात दारू किंवा अतिश्रम झाले असले तर. हासनसाठी कर्नाटकनं नेमलेल्या समितीनंही लसीशी संबंध दिसत नाही असंच सांगितलं.

तुराटी | ११ जुलै, रात्री ९.१५

४७ मोठी रुग्णालयं. आमचा माणूस मोठ्या रुग्णालयात पोचून मरत नाही, धुऱ्यावर मरतो. तो त्या ७२९ मध्ये कुठं हाय?

दवाखाना_वर्धा | ११ जुलै, रात्री ९.४०

नाही बहुतेक. ही त्या अभ्यासाची मर्यादा आहे, मान्य. पण त्यावरून उलटं सिद्ध होत नाही. बनारस हिंदू विद्यापीठाच्या कोव्हॅक्सिनवरच्या अभ्यासाचं असंच झालं. मे २०२४ मध्ये 'एक तृतीयांश लोकांना त्रास' अशी बातमी झाली, पण तुलनेला लस न घेतलेला गटच नव्हता. आयसीएमआरनं आक्षेप घेतला आणि त्या वर्षी सप्टेंबरमध्ये नियतकालिकानं तो लेख मागे घेतला. मागे घेतल्याची बातमी तुमच्या पारावर पोचली?

तुराटी | ११ जुलै, रात्री ९.४४

नाई पोचली. ती पोचवायचा कोणाले फायदा नाई.

चिखलदऱ्याचा_मास्तर | १२ जुलै, सकाळी १०.१०

सुप्रीम कोर्टाचा २ मे २०२२ चा निकालही पोचला नाही. कोणावर लसीची सक्ती करता येणार नाही, सरकारचं लसीकरणाचं धोरण मात्र मनमानी म्हणता येत नाही, आणि दुष्परिणामांची माहिती लोकांपुढे ठेवा, असं तिन्ही एकाच निकालात होतं. लसवाल्यांनी मधलं सांगितलं, विरोधकांनी पहिलं. तिसरं कोणीच मागितलं नाही.

पैनगंगा | १२ जुलै, सकाळी ११.३०

मी मागते. चार वर्षांनी एईएफआयची नोंद होते का?

सिस्टरबाई | १२ जुलै, दुपारी १२.१५

आता शारीरिक पुरावा काही मिळणार नाही, खोटी आशा देत नाही. पण अर्ज करा. वडिलांचं लसीचं प्रमाणपत्र काढून ठेवा, त्यावर बॅच आणि तारीख असते. मृत्यूचा दाखला, बीपीच्या जुन्या चिठ्ठ्या. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज, आणि एका ओळीत विचारा की अमुक तारखेच्या मृत्यूची एईएफआय नोंद झाली होती का, झाली असल्यास निष्कर्ष काय. माहिती अधिकारातही टाकता येतं. पोच घ्या, सही-शिक्क्याची.

पैनगंगा | १२ जुलै, दुपारी १२.२०

सोमवारी जाते.

तुराटी | १२ जुलै, दुपारी १२.४०

ताई, अर्जाचा मसुदा मी लिहून देतो, तेवढं तं मले येते. व्यनि (खाजगी निरोप) करा.

कपाशीचं_बोंड | १२ जुलै, रात्री ८.१५

आज त्या घरी जाऊन आलो. लस-बिस काही काढलं नाही. डब्याबद्दल विचारलं. धाकटा भाऊ उद्या त्याच मिक्सची उरलेली फवारणी करणार होता, तो डबा मागून आणला, फोटो लोणारीभाऊंना व्यनित टाकला आहे. भावाला मंगळवारी बीपी मोजायला नेतो, यायला तयार झाला.

अंगणवाडीचं अजून जमलं नाही. दोन बाया म्हणाल्या पुढच्या वेळी पाहू. तिसरी म्हणे, माझ्या लेकराले काही झालं तं तू येशीन का? मी म्हटलं येईन. ती म्हणे, लिहून दे.

सिस्टरबाई | १२ जुलै, रात्री ८.४०

मग दिलं का लिहून?

कपाशीचं_बोंड | १२ जुलै, रात्री ८.५२

दिलं. वहीच्या पानावर, खाली सही. आता आमच्या सिस्टरचीही सही पाहिजे म्हणते.